जिवाणूंचं पोहणं आणि चिकटपणा एकाच संदेशावर चालतो का?

तुम्ही विचारलंय की मेथीच्या मुळांवरच्या गाठींतून काढलेल्या जिवाणूंची एक कॉलनी बुळबुळीत येते, दुसरी कोरडी. बुळबुळीत कॉलनीतले जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली फारसे हलत नाहीत. या दोन गोष्टींचा संबंध आहे का?

आहे. मी इथे पुण्यातच जिवाणू खतांच्या कामात आहे, आणि शिकायला येणाऱ्या मुलांना आम्हीही मेथीच आणायला लावतो. मार्केट यार्डातली जुडी मुळांसकट मिळते, त्यामुळे गाठी शोधायला शेत गाठावं लागत नाही.

मेथीवर आणि लसूणघासावर गाठी करणारा जिवाणू बहुतेक वेळा सायनोरायझोबियम मेलिलोटी असतो. त्याचं सिन-आय हे विकर लांब साखळीचे होमोसेरीन लॅक्टोन रेणू बनवतं आणि ते बाहेर पाझरत राहतात. जिवाणूंची दाटी वाढली की हे रेणूही साचतात आणि पेशीत एक्सप-आर नावाच्या प्रथिनाला जाऊन बसतात. मग एक्सप-आर दोन कामं करतं: गॅलॅक्टोग्लुकान या चिकट पॉलिसॅकराइडची (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळीची) जनुकं चालू करतं, आणि फ्लॅजेलाच्या (पोहण्यासाठी फिरणाऱ्या शेपट्यांच्या) जनुकांना जागं ठेवणारी विस-एन, विस-आर ही जोडी दाबून टाकतं. म्हणजे चिकटपणा वाढतो त्याच वेळी पोहणं बंद पडतं.

गंमत म्हणजे जगभर वापरला जाणारा आरएम १०२१ हा त्याचा प्रयोगशाळेतला स्ट्रेन (वाण) कोरड्या कॉलनी देतो, कारण त्याच्या एक्सप-आर जनुकात एक उडता, म्हणजे जागा बदलणारा, डीएनए-तुकडा घुसून बसलाय. तुमच्या कोरड्या कॉलनीतही तेच झालंय असं मी म्हणणार नाही. ती कदाचित वेगळी जातही असेल.

हा झाला बाहेरून येणारा संदेश. पेशीच्या आतला संदेश म्हणजे सायक्लिक-डाय-जीएमपी. जेरुसलेमच्या मोशे बेन्झिमन यांच्या गटाने १९८७ मध्ये तो शोधला, तोही सेल्युलोज बनवणाऱ्या जिवाणूत. कोम्बुचावर जी जाड साय धरते, तीही अशाच जिवाणूंच्या सेल्युलोजची असते. पेशीत असणाऱ्या जीटीपी या लहान रेणूचे दोन रेणू जोडून हा संदेश बनतो. बनवणारी विकरं वेगळी, तोडणारी वेगळी. प्रमाण वाढलं की सेल्युलोज बनवणारं विकर (सेल्युलोज सिंथेस) जोरात चालतं. ई. कोलायमध्ये हाच रेणू वायसीजी-आर या प्रथिनाला चिकटतो आणि ते प्रथिन फ्लॅजेला फिरवणाऱ्या मोटरला ब्रेक लावतं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र बॅसिलस सबटिलिसचं. त्याचं ईपीएस-ई हे प्रथिन पॉलिसॅकराइड बनवायला मदत करतं आणि तेच मोटरच्या फ्लि-जी भागाला धरून शक्ती तोडतं. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा संशोधकांनी त्याला क्लच म्हटलं. दुचाकीवर आयुष्य काढणाऱ्या पुणेकराला फरक सांगायला नको: ब्रेकमध्ये चाक अडवलं जातं, क्लच दाबला की इंजिन चाकापासून सुटतं. फ्लॅजेला पाडून टाकायला किंवा नवे बनवणं थांबवून जुने संपायची वाट बघायला वेळ लागतो. क्लचने काम लगेच होतं, आणि मन बदललं तर फ्लॅजेला जागेवरच असतात.

आता एक इशारा, कारण परीक्षेच्या नोट्समध्ये सर्रास ‘दाटी वाढली की बायोफिल्म’ (पृष्ठभागाला चिकटलेला जिवाणूंचा थर) एवढंच लिहिलेलं असतं. पटकीचा (कॉलऱ्याचा) जिवाणू नेमकं उलटं करतो. गर्दी कमी असताना तो पॉलिसॅकराइडचा थर बनवतो. गर्दी झाली की हॅप-आर हे प्रथिन तो थर बनवणं थांबवतं. आतड्यात भरपूर वाढून बाहेर पडणाऱ्याला शेवटी सुटायचं असतं, झाडाच्या मुळांत शिरणाऱ्या जिवाणूला चिकटायचं असतं. त्यामुळे संदेश कुठल्या दिशेने काम करतो ते त्या जिवाणूच्या जगण्यावरून ठरतं. पाठ करून चालत नाही.

तुमच्या प्लेटबद्दल: यीस्ट अर्क-मॅनिटॉल अगारवर रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) तसेही डिंक सोडतात, म्हणून नुसत्या बुळबुळीतपणावरून निष्कर्ष काढू नका. कॅल्कोफ्लोर हा चमकणारा रंग घातलेल्या प्लेटवर अतिनील दिव्याखाली चमक आली तर ते सक्सिनोग्लायकान, म्हणजे गॅलॅक्टोग्लुकानपेक्षा वेगळं पॉलिसॅकराइड. पोहणं बघायला ०.३ टक्के अगारमध्ये टोचून वर्तुळ मोजा. पण बुळबुळीत स्ट्रेन स्वतःच्या डिंकावरून पृष्ठभागावर घसरतही पसरतो आणि वर्तुळ मोठं दिसतं. त्यासाठी दोन्ही कल्चर एकाच वयाची, वाढीच्या सुरुवातीची घ्या आणि हँगिंग ड्रॉपमध्ये (काचेखाली लोंबणाऱ्या थेंबात) सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, आणि शिळी झाल्यावर पुन्हा पाहा. बुळबुळीत स्ट्रेन तरुण असताना पोहत असेल आणि शिळा झाल्यावर थांबत असेल, तर दाटीच्या संदेशावर संशय घ्यायला हरकत नाही. दोन्ही वेळी थंडच असेल, तर कारण दुसरीकडे शोधा.