२७२चा आकडा आणि गप्प बसलेले बारा जण

यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये निम्मे तरी आघाडी सरकारवरचे आहेत, म्हणून बाकीचे बाजूला ठेवून हेच घेतोय. पाणीपट्टीवाल्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : २०२४च्या निकालादिवशी आमच्या घरी जोरदार वाद झाला. भाजप २४०वर अडकला तेव्हा मुलगा म्हणाला, नितीश आणि चंद्राबाबू उठून गेले की संपलं. इतकं सरळ असतं का हो? (एक वाचक, सांगली)

मुलाची बेरीज बरोबर आहे, वजाबाकी अर्धवट राहिलीय. एनडीएचे २९३, त्यातले चंद्राबाबूंच्या तेलुगू देसमचे १६ आणि नितीशच्या जेडीयूचे १२ गेले की उरतात २६५, म्हणजे २७२ला ७ कमी, इथपर्यंत ठीक. पण उठून जाणं दोन प्रकारचं असतं ना. समोरच्या बाकावर जाऊन बसले आणि विरोधात मत दिलं तर खेळ खल्लास. नुसतेच तटस्थ राहिले तर मत देणारे उरले ५१५, त्यातले निम्म्याहून जास्त म्हणजे २५८, आणि २६५ तर आहेतच की! (अध्यक्षांचं मत धरायचं नसतं, त्यामुळे एखाददुसरा आकडा इकडेतिकडे होईल.) २७२ हा आकडा राज्यघटनेत कुठे लिहिलेलाच नाही, ती लोकसभेच्या ५४३ जागांची अर्धी आणि वर थोडं, बस. विश्वासदर्शक ठरावावर मोजतात ते हजर राहून मत देणाऱ्यांना. टीव्हीवर ४ जूनपासून ९ जूनच्या शपथविधीपर्यंत कोण कुणाकडे जाणार एवढंच चाललं होतं, कोण नुसतं गप्प बसू शकतं हे कुणी विचारतच नव्हतं.

प्रश्न : राष्ट्रपती कुणाला बोलवायचं ते कशावरून ठरवतात? सगळ्यात मोठ्या पक्षाला हक्क असतो असं शाळेत शिकलोय. (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे)

शाळेत शिकवलेलं विसरा असं म्हणणार नाही, परीक्षा आहे तुमची. पण घटनेत एवढंच आहे की पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. मधलं सगळं प्रथेवर आणि त्या त्या राष्ट्रपतींच्या डोक्यावर.

१९८९ला काँग्रेस १९७ जागा घेऊन सगळ्यात मोठी होती, तरी राजीव गांधींनी नको म्हटलं आणि व्ही. पी. सिंग आले, एका बाजूला भाजप आणि दुसऱ्या बाजूला डावे, दोघांचाही बाहेरून पाठिंबा! १९९६ला शंकर दयाळ शर्मांनी मोठा पक्ष म्हणून १६१वाल्या वाजपेयींना बोलावलं, पुढचं तुम्हाला माहितीय, सरकार टिकलं १३ दिवस.

या १३ दिवसांनंतरचा किस्सा खरा बघण्यासारखा आहे. १९९८, राष्ट्रपती के. आर. नारायणन. भाजपच्या १८२ जागा, मित्रपक्ष बरेच, पण नारायणन म्हणाले तोंडी नको, पाठिंब्याची पत्रं दाखवा. आणि नेमकं जयललितांचं पत्र येईना. अण्णाद्रमुकचे १८ आणि तिकडचे छोटे मित्रपक्ष, सगळं त्या एका पत्रावर अडकलेलं, दिल्ली चेन्नईच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, लग्नात मांडव सजलाय आणि मामा रुसून बसलाय तसं. शेवटी पत्र आलं. एकूण भरले २६४. तेव्हा ५३९ जागांचा हिशोब होता, म्हणजे २७० हवे, तरी सहा कमीच!

आता गंमत बघा. चंद्राबाबूंचे १२ खासदार होते, तोवर भाजपविरोधी संयुक्त आघाडीतले. त्यांनी कळवलं की आम्ही तटस्थ राहणार. नारायणन यांनी ते १२ बाजूला काढले, ५३९मधून १२ गेले ५२७, त्याचे निम्मे दोनशे साडेत्रेसष्ट, आणि वाजपेयींकडे २६४. अर्ध्या मताने जमलं म्हणायचं! हा हिशोब राष्ट्रपती भवनाने जाहीर पत्रकात मांडला होता, बंद दाराआडचं काही नाही. १९ मार्चला शपथ, २४ तारखेला तेलुगू देसमचे बालयोगी लोकसभेचे अध्यक्ष, आणि २८ला विश्वासदर्शक ठराव २७४ विरुद्ध २६१ने पास, तेव्हा मात्र तेलुगू देसमने बाजूने मत टाकलं. तळ्यात-मळ्यात करणारा कधीकधी सगळ्यात जास्त भाव खातो तो असा.

प्रश्न : पक्षांतरबंदी कायदा असताना मित्रपक्ष सरळ सोडून कसे जातात? (गृहिणी, नाशिक)

कारण तो १९८५चा कायदा खासदाराला बांधतो, पक्षाला नाही. एकट्या खासदाराने पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, पण अख्ख्या पक्षानेच पाठिंबा काढला तर तो काय म्हणणार, काही नाही.

जयललितांनी तेच केलं. एप्रिल १९९९ला पाठिंबा काढला आणि १७ तारखेला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मताने पडलं. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग यांनी खासदारकी सोडलेली नव्हती, त्यांनी येऊन विरोधात मत दिलं, त्यावर आजही लोक भांडतात. पण माझ्या मते जास्त महागात पडला तो बसप. त्यांचे पाच जण मत देणार नाहीत असं सरकार धरून चाललं होतं आणि त्यांनी ऐनवेळी विरोधात बटण दाबलं. गप्प बसणारे बोलले की असं होतं. मग सोनिया गांधी म्हणाल्या २७२ आमच्याकडे आहेत, पण समाजवादी पक्षाचे मुलायमसिंग अडून बसले आणि ते २७२ कागदावर काही उतरलेच नाहीत, लोकसभा बरखास्त. त्यावेळी विरोधी पक्षनेते आपले शरद पवार होते, महिनाभरात सोनियांचं विदेशी मूळ म्हणत काँग्रेसमधून बाहेर, आणि ऑक्टोबरात मुंबईत त्याच काँग्रेसबरोबर सरकारात! असो.

प्रश्न : मंत्रिपदं खासदारांच्या प्रमाणात देतात का? (निवृत्त शिक्षक, बुलढाणा)

सर, तुम्ही बुलढाण्याचे म्हणजे तुम्हाला उत्तर माहितीय, मुद्दाम विचारताय. २०२४ला शिंदेसेनेचे ७ खासदार, मिळालं एक स्वतंत्र प्रभाराचं राज्यमंत्रिपद, तुमच्याच प्रतापराव जाधवांना. आणि बिहारच्या जीतनराम मांझींच्या पक्षाचा एकच खासदार, ते स्वतः, पण कॅबिनेट! कुमारस्वामींचे दोन, तेही कॅबिनेट. शिंदेसेनेचे श्रीरंग बारणे उघड नाराज झाले ते यावरूनच. अजित पवारांच्या पक्षाचा लोकसभेत एकच, त्यांना राज्यमंत्रिपद देऊ केलं होतं, पण प्रफुल्ल पटेल आधी कॅबिनेट होते मग आता खाली कसं उतरायचं म्हणून नको म्हणाले. प्रमाणबिमाण काही नसतं, मानपान असतो. कायद्याची मर्यादा एकच, लोकसभेच्या १५ टक्के, म्हणजे ८१. मोदींनी पंतप्रधान धरून ७२ घेतले, म्हणजे रुसलेल्यांसाठी तेव्हा नऊ खुर्च्या शिल्लक होत्या.

प्रश्न : सरकार पडल्यावर नवीन येईपर्यंत देश कोण चालवतं? (वाचक, मडगाव)

पडलेलंच सरकार, काळजीवाहू म्हणून. मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत असा संकेत आहे, पण घटनेत काळजीवाहू हा शब्दच नाही. आणि संकट काही निवडणूक होईपर्यंत थांबत नाही. ते एका मताने पडलेलं सरकार ऑक्टोबर १९९९पर्यंत कामावर होतं आणि कारगिलचं युद्ध त्याच काळात झालं. लोकसभा नव्हती, विरोधक म्हणत होते निदान राज्यसभेचं खास अधिवेशन तरी बोलवा, तेही बोलवलं नाही.