केडगावला जाण्याआधी

प्रिय मुली,

प्रभूत सलाम. आपल्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाबरोबर, पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये सेवेला निघालीस, हे वाचून बरं वाटलं. "तिथल्या बायकांना काय विचारू?" असं तू लिहिलंयस. मला विचारशील तर काहीच विचारू नकोस.

नवऱ्याने टाकलेली, घरच्यांनी हाकललेली, कुणी फसवून विकलेली बाई अशा संस्थेत पोचते, तोवर तिने आपली कहाणी पोलिसांना, डॉक्टरांना, कधी कोर्टातही सांगून झालेली असते. आता त्यात तू आणखी एक कशाला? आपल्याकडे मंडळीत उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायची सवय, म्हणून दुसऱ्याच्या दुःखाची साक्ष मागतानाही आपल्याला काही वाटत नाही. ती आपणहून बोलली तर ऐक, आणि ते तिथेच राहू दे. रात्री गटाच्या प्रार्थनेत नाव घेऊन तिचं सगळं उघड करणं ही प्रार्थनेच्या वेषातली चहाडीच आहे. फोन खोलीत ठेव. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची किंवा संस्थेतल्या मुलाची ओळख जाहीर करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तुझ्या स्टेटसवरचा फोटो नेमका ज्याला दिसू नये त्यालाच दिसतो.

मग करायचं काय? काम. तांदूळ निवड, भांडी घास, मुलींचा अभ्यास घे, तिथल्या ताई सांगतील ते कर. रमाबाईंचं केडगाव कामावरच उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी बायका-मुली आणल्या, त्यांना आधी अन्न-वस्त्र दिलं आणि मग कामाला लावलं. शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायका-मुलींनी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवून छापलं. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं त्याचं कौतुक आहेच, पण दुष्काळातून वाचलेली मुलगी खिळे जुळवायला बसली, हे मला त्याहून मोठं वाटतं.

आणि आज आयुष्य नव्याने उभं करणं म्हणजे बरंचसं कागदपत्रांचं काम असतं, हे तुला कुणी सांगणार नाही. आधारवर जुना पत्ता, रेशनकार्ड सासरी अडकलेलं, मुलाचा दाखला शाळेतून निघत नाही. एका संस्थेतल्या बाईबरोबर मी बँकेत गेले होते. पैसे काढायच्या स्लिपवर तिने सही केली. खिडकीतला माणूस म्हणाला, जुळत नाही, पुन्हा करा. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं व्याजदराचं पत्रक वाचत राहिले. मग तिनेच दुसरी स्लिप मागितली, पासबुक उघडून समोर ठेवलं आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं. नोटा तिने स्वतः मोजल्या, दोनदा. तुझा हात अशा वेळी पुढे जाईल. तो मागे ठेवायला शिक.

आता नाजूक गोष्ट. ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवा-मुलींची शाळा उघडली, तेव्हा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं. पुढे काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, त्या ख्रिस्ती होतील म्हणून गहजब झाला आणि १८९३ मध्ये कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर, यावर अजून वाद घालता येतो. मी रमाबाईंच्या बाजूची आहे, पण पालकांची भीती मला खोटी वाटत नाही. जिच्या डोक्यावरचं छप्पर आपल्या हातात आहे, तिचं 'हो' किती मोकळं असतं? तेव्हा प्रार्थना करू का, हे तिच्या ताटात वाढता वाढता विचारू नकोस. तिने मागितली तर जरूर कर.

जुने कपडे गोळा करून नेऊ नकोस, काय हवंय ते आधी फोन करून विचार. सोबत सुती कपडे आणि पाण्याची बाटली घे. निघताना मुली हात धरून विचारतील, "ताई, परत कधी येणार?" तारीख नक्की असेल तरच सांग. नसेल तर "माहीत नाही" म्हण. त्यांना वाईट वाटेल, पण वाट बघत बसणार नाहीत.

तुझी,
मावशी