उसनं दिलेलं मत

प्रश्न: मागे एकदा तुम्ही ओझरतं लिहिलं होतंत, की २०२१ साली अ‍ॅमरशॅमच्या पोटनिवडणुकीत तुम्ही मतदान केलंत. भारतीय पासपोर्टवर? आणि लहान पक्षाने तिथला सत्ताधाऱ्यांचा बालेकिल्ला पाडला तो कसा?
— एक वाचक, सांगली

उत्तर: हो, भारतीय पासपोर्टवरच. राष्ट्रकुल देशांचे नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहत असले, की त्यांना संसदेसाठी मत देता येतं. मला हे कळायलाच चार वर्षं लागली! १७ जूनला चर्चच्या हॉलमध्ये गेले, मास्क लावून, पेन्सिल घरून घेऊन. नाव-पत्ता सांगितला, मतपत्रिका मिळाली. ओळखपत्र तेव्हा लागत नसे. फुली मारली, घडी पेटीत टाकली आणि सवयीने डावी तर्जनी पुढे केली. टेबलामागच्या बाई बोटाकडे बघतच राहिल्या.

आता बालेकिल्ला. चेशम अँड अ‍ॅमरशॅम हा मतदारसंघ १९७४ पासून तेव्हाच्या सत्ताधारी हुजूर पक्षाकडेच होता. १९९२ पासून खासदार असलेल्या शेरिल गिलन एप्रिलमध्ये वारल्या, म्हणून ही निवडणूक. २०१९ मध्ये त्यांचं मताधिक्य होतं १६,२२३. आणि आता लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या सारा ग्रीन ८,०२८ मतांनी आल्या.

लोक चिडले होते ते मुख्यतः एचएस-२ या लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या नव्या अतिवेगवान रेल्वेवर. आमच्या चिल्टर्न टेकड्यांखालून बोगदा, वर्षानुवर्षं ट्रक आणि धूळ, स्टेशन मात्र इथे एकही नाही. (लिबरल डेमोक्रॅटांचा देशपातळीवर या रेल्वेला पाठिंबाच होता. प्रचारात ते कोण कशाला सांगतंय!) शिवाय बांधकाम परवानग्या सैल करायचा सरकारचा बेत. घरामागच्या कुरणावर इमारती उठणार, ही धास्ती इथे फार.

पण नुसत्या चिडण्याने सीट पडत नाही, विरोधी मतं फुटतात. इथे ती फुटली नाहीत. दाराच्या फटीतून लिबरल डेमोक्रॅटांची पत्रकं पडायची, त्यांवर आलेख: हुजूर पक्षाचा आणि त्यांचा असे दोन उंच खांब, शेजारी मजूर पक्षाचा बुटका. म्हणजे, तिकडे मत वाया घालवू नका. आमच्या शेजारचे आजोबा जन्माचे मजूर पक्षवाले. मला म्हणाले, "या खेपेला मत उसनं दिलंय."

मजूर पक्षाला पडली ६२२ मतं. अनामतही गेली. निकालाच्या सकाळी आजोबा कुंपणाशी उभे, चेहरा उतरलेला. "सहाशे बावीसच उरलो आम्ही?"

म्हटलं, "आजोबा, त्यात तुम्ही कुठे आहात?"