इथिओपिक अक्षरे आणि युनिकोड : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : देवनागरीत ‘कु’ म्हणजे क आणि उकार असे दोन संकेतांक (युनिकोड या संगणकीय पद्धतीत प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक). इथिओपिया-एरिट्रियातल्या इथिओपिक लिपीमध्येही व्यंजनाला स्वर जोडला जातो, मग युनिकोडने तिथे प्रत्येक अक्षराला वेगळी जागा का दिली?

कारण तिथे स्वराची खूण सुटी काढता येत नाही. आपला उकार बहुतेक व्यंजनांखाली तसाच बसतो. इथिओपिकमध्ये स्वर बदलला की कधी अक्षराचा पाय लांबतो, कधी बाजूला कडी येते, कधी दांडाच वाकतो. आणि हे व्यंजनागणिक बदलते. मुले तिथे ‘फिदेल’ हा अक्षरांचा तक्ता ओळीने पाठ करतात. अख्खे अक्षर हेच लिहिणाऱ्याचे एकक आहे. १९९९ च्या युनिकोड ३.० मध्ये लिपी याच तत्त्वावर आली आणि तो निर्णय माझ्या मते अगदी योग्य होता.

मांडणीही सुरेख आहे. संकेतांक सोळाच्या पायावर लिहितात, म्हणजे शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ. ‘ल’ची ओळ १२०८ पासून, ‘म’ची १२१८ पासून. ओळीला आठ जागा : सात स्वररूपांच्या आणि आठवी बहुधा ‘ल्वा’सारख्या रूपाची. त्यामुळे संकेतांकाला आठाने भागले की बाकीवरून स्वर कळतो. ‘सेलाम’ हा अभिवादनाचा शब्द घ्या : १२३०, १२०बी, १२१डी. तीन अक्षरे, तीन संकेतांक, युटीएफ-८ मध्ये (संकेतांक फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत) नऊ बाइट. देवनागरी ‘सलाम’ला काना धरून चार संकेतांक आणि बारा बाइट लागतात. शेवटच्या ‘म’साठी हलन्ताची गरजच नाही, ओळीतले सहावे रूप ते काम करते.

प्रश्न : इथिओपियातल्या अम्हारिक भाषेचा मजकूर शोधताना तोच शब्द कधी सापडतो, कधी नाही. असे का?

अम्हारिकमध्ये १२००, १२१० आणि १२८० या तिन्ही अक्षरांचा उच्चार आज ‘ह’ असाच होतो. १२२० आणि १२३० दोन्ही ‘स’. १३३८ आणि १३४० यांचेही तसेच. ‘त्सेहाय’, म्हणजे सूर्य, हा शब्द लोक १३४० ने सुरू करतात, १३३८ नेही करतात आणि मधला ‘ह’ही बदलतो. संगणकाला हे सगळे वेगवेगळे शब्द वाटतात.

उपाय असा : शोधसूचीत अशी अक्षरे एकाच रूपात आणा, मूळ मजकुराला मात्र हात लावू नका. ही अक्षरे फालतू नाहीत. याच लिपीत लिहिल्या जाणाऱ्या तिग्रिन्या भाषेत १२०० आणि १२१० चे उच्चार आजही वेगळे आहेत, आणि गीझ या जुन्या धर्मभाषेच्या पोथ्यांमध्ये कोणते अक्षर वापरले यावरून शब्दाचे मूळ कळते. ‘सफाई’ म्हणून मूळ फाइलमध्येच बदल केले, तर ही माहिती परत मिळत नाही.

प्रश्न : फाइल उघडली की चौकोन दिसतात. मजकूर गेला का?

नाही. चौकोन म्हणजे संकेत शाबूत, फॉन्ट नाही. अॅबिसिनिका एसआयएल किंवा नोटो सॅन्स इथिओपिक टाका. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधला असणार. कृतिदेवची फाइल फॉन्टशिवाय उघडल्यावर आपल्याकडे होते तेच. त्या विशिष्ट फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर लागेल. फाइलमध्येच प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मात्र जुनी प्रत शोधा.

प्रश्न : इथिओपिक अंकांची बेरीज एक्सेलमध्ये होत नाही.

होणार नाही. त्या पद्धतीत शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. २५ म्हणजे ‘वीस’ आणि ‘पाच’ ही दोन चिन्हे. दहा, शंभर, दहा हजार यांनाही स्वतंत्र चिन्हे आहेत. हिशेब नेहमीच्या अंकांत ठेवा, छापताना रूपांतर करा.

प्रश्न : आमच्या डेटाबेसमध्ये अम्हारिक साठते, गुरागे भाषेची काही अक्षरे मात्र नाकारली जातात.

गुरागेसाठी २८ अक्षरे २०२१ च्या युनिकोड १४ मध्ये आली, तीही पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे. म्हणून प्रत्येकी चार बाइट. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचे जुने ‘युटीएफ८’ तीन बाइटांपुढे जात नाही. बॅकअप घ्या, रकाना ‘युटीएफ८एमबी४’ करा आणि डेटाबेसला जोडणाऱ्या प्रोग्रामचे सेटिंगही तेच ठेवा. नुसता रकाना बदलून काम होत नाही.