आजोबांचा स्मरणलेख

प्रश्न : खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलातून निवृत्त होऊन पुढे पाटबंधारे खात्यात अभियंता झालेले आमचे आजोबा नव्वदी ओलांडून नुकतेच निवर्तले. स्मरणलेखात काय लिहावे?

उत्तर : हुद्दे आणि पदके एका वाक्यात उरकावीत, कारण ती निवृत्तीपत्रात असतातच. त्यांच्या हातांना ठाऊक असलेले काम मात्र सविस्तर लिहावे. बेली पुलाचे, म्हणजे सुटे पोलादी भाग जोडून झटपट उभारायच्या पुलाचे, १० फुटी, सुमारे २६० किलोंचे पॅनेल सहा जणांनी खांद्याच्या जोरावर उचलायचे आणि पोलादी खिळीने पुढच्याला जोडायचे, हे घरातल्या किती जणांना माहीत असेल? याच दलाच्या रामा राघोबा राणे यांना १९४८ मधील सुरुंग काढण्याच्या कामगिरीसाठी परमवीरचक्र मिळाले, एवढा संदर्भ पुरे; दलाचा इतिहास लिहीत बसू नये. तारखांसाठी निवृत्तीपुस्तिका पाहावी.