जुन्या सागाचे काय करावे? लाकडी बांधकामाविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी लाकडाच्या घरांविषयी आहेत आणि ती यावल-रावेरपासून धडगावपर्यंत साऱ्या खानदेशातून आलेली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून चार प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण तो आज आपल्या जवळजवळ प्रत्येक गावठाणात उभा आहे.

प्रश्न : आमचे घर धाब्याचे (मातीच्या सपाट छपराचे), सात खणांचे (खांबांमधल्या सात गाळ्यांचे) आणि आजोबांच्या वेळचे आहे. ते पाडून स्लॅबचे घर बांधावे, असे भावांचे म्हणणे आहे. जुने लाकूड घेणारा व्यापारी सगळे सर (मुख्य तुळया), कड्या (सरांवरची आडवी लाकडे) आणि खांब एकरकमी मागतो आहे. हे लाकूड नव्या घरात वापरता येईल का, की इतक्या जुन्या लाकडावर विसंबणे धोक्याचे आहे? (एक शेतकरी, यावल तालुका)

उत्तर : व्यापाऱ्याला होकार देण्याआधी पंधरा दिवस थांबावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लाकूड केवळ वयामुळे निकामी होत नाही. त्याला मारते ती ओल, कीड आणि वर्षानुवर्षे पेललेले जास्तीचे ओझे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही जागेवर आहेत, कारण त्यांच्या अंगावर पाऊस येत नाही आणि जमिनीची ओल तिथवर पोहोचत नाही. आपल्या उशाशी असलेल्या अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत तशाच कमानी दगडात कोरलेल्या दिसतात, त्या लाकडी बांधणीचीच आठवण आहेत.

तेव्हा आधी तपासणी करावी. जाड सुईचा टोच्या घेऊन प्रत्येक सराच्या आणि कडीच्या दोन्ही टोकांना, विशेषतः भिंतीत शिरलेल्या भागाला टोचून पाहावे. निरोगी गाभ्याच्या सागात टोच्या जेमतेम रुततो. कुजलेल्या लाकडात तो विनासायास आत जातो आणि बाहेर येताना ओलसर भुसा घेऊन येतो. नंतर हातोडीने हलके ठोके द्यावेत : भरीव लाकूड खणखणीत बोलते, आतून पोखरलेले बद्द वाजते. खांबांचे बूड तपासताना ज्या दगडी उथाळ्यावर खांब उभा आहे तिथली माती खरवडून काढावी, कारण पिढ्यान्‌पिढ्या सारवण चढत गेल्याने उथाळा अनेकदा जमिनीत गडप झालेला असतो आणि खांबाचे बूड थेट मातीत आलेले असते.

पाचोरा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. पांढऱ्या मातीच्या भिंतींना दरवर्षी लिंपण करावे लागते म्हणून माझ्या काकांनी हौसेने बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचे सोडणे बंद केले. पंधरा वर्षांनी पश्चिमेकडचा गिलावा फोडला तेव्हा भिंतीतली सराची टोके बोटांनी चुरता येत होती, आणि तोच सर भिंतीपासून हातभर अलीकडे मात्र इतका टणक होता की करवतीला घाम फुटला. आम्ही कुजलेला भाग कापून टाकला, चांगल्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडून बोल्टने आवळला आणि सर पुन्हा जागेवर चढवला. आपल्या घरातही बहुधा हेच आढळेल : दीड-दोन फूट टोके वाया गेलेली आणि मधला सगळा गाभा शाबूत.

आता ओझ्याचा हिशेब पाहू. धाब्यावर एक फूट जाडीची माती असेल तर दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो ओझे होते, आणि दर पावसाळ्याआधी नवी माती टाकली जाते तसे ते वाढतच जाते. मंगलोरी कौलांचे ओझे याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकेही नसते. याचा अर्थ असा की, आज धाबे पेलणारे सर आणि कड्या कौलारू छपराखाली आल्या तर त्यांचे ओझे एकदम उतरते आणि टोके कापून आखूड झालेले लाकूडही निर्धास्त वापरता येते. आणखी एक गोष्ट सुताराला जरूर सांगावी : तुळई आडवी न ठेवता उभ्या अंगावर ठेवावी. तुळईची उभी जाडी दुप्पट झाली की तिचा वाक आठपट कमी होतो, रुंदी दुप्पट केल्याने मात्र तो केवळ निम्मा होतो.

धाब्याच्या घरांचा एक दोषही मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावरचे मातीचे ओझे यांनीच माणसे दडपली. आपल्या जुन्या सांगाड्यात खांब आणि सर असतात, पण तिरपे आधार नसतात, त्यामुळे चौकट आडव्या धक्क्याने एका बाजूला कलू शकते. नव्या बांधणीत कोपऱ्यांच्या खणांत तिरप्या पट्ट्या द्याव्यात, भिंती हलक्या ठेवाव्यात आणि सांध्यांना लोखंडी पट्टी-बोल्टची जोड द्यावी. आय.एस. ८८३ हे लाकडी रचनेचे भारतीय मानक आहे. त्यानुसार आकडेमोड करून देणारा अभियंता गाठावा आणि केवळ मिस्त्रीच्या अंदाजावर मापे ठरवू नयेत.

भावांना स्लॅब हवाच असेल तर मध्यम मार्ग आहे. तळमजला पक्का बांधून वरचा मजला जुन्या सागाच्या चौकटीचा आणि कौलांचा करता येतो, मात्र लाकडाचे टोक काँक्रीटमध्ये गाडू नये. ते लोखंडी बुटात (टोक धरून ठेवणाऱ्या लोखंडी बैठकीत), चारी बाजूंनी हवा खेळेल असे बसवावे. घर उतरवताना प्रत्येक नगावर रंगाने क्रमांक घालावा, सॉ मिलमध्ये नेण्याआधी जुने खिळे काढावेत आणि लाकूड सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचावे. व्यापारी घनफुटाचा जो भाव देतो आणि नव्या, पक्क्या गाभ्याच्या सागाचा जो भाव पडतो, ते दोन्ही एका कागदावर लिहून भावांसमोर ठेवावेत.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयात झाडे लावण्याची मोहीम चालवतो. लाकूड वापरणे म्हणजे झाड तोडणे. मग लाकडी घराला पर्यावरणपूरक कसे म्हणता येईल? (एक विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिला सरसकट उत्तर नाही. सातपुड्याच्या जंगलातून चोरट्या मार्गाने आलेल्या सागाचे घर पर्यावरणपूरक होऊच शकत नाही, मग त्याची रचना कितीही उत्तम असो. परंतु झाड हवेतला कार्बन घेऊन वाढते आणि सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बनच असतो. एक घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ घनफूट साग जोवर घरात टिकून आहे, तोवर साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर अडकून राहतो. उलट सिमेंटसाठी लागणारे एक टन क्लिंकर (चुनखडी भाजून होणारे खडे, जे दळून सिमेंट बनते) भाजताना ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला निम्म्याहून अधिक इंधनातून नव्हे, चुनखडीतूनच सुटतो, म्हणून भट्टी सुधारूनही तो टळत नाही.

हा लाभ मिळण्यासाठी दोन अटी आहेत. तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड वाढले पाहिजे आणि घर किमान तितकी वर्षे टिकले पाहिजे जितकी ते झाड वाढायला लागतात. जुन्या घराचे लाकूड सरपणात गेले तर अडवून ठेवलेला सगळा कार्बन एका हंगामात हवेत परत जातो, आणि म्हणूनच माझ्या मते खानदेशातले सर्वांत पर्यावरणपूरक लाकूड जंगलात किंवा वखारीत नाही, ते पडायला आलेल्या धाब्यांखाली आहे. त्यानंतर क्रमांक लागतो बांधावरच्या सागाचा, कडुनिंबाचा आणि बाभळीचा. बांधावरचा साग स्वतःच्या मालकीचा असला तरी १९६४ च्या वृक्षतोडविषयक राज्य कायद्यानुसार तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो. वीस वर्षांच्या सागात बाहेरच्या पांढरट, कच्च्या लाकडाचा वाटा मोठा असतो, आणि उधईला दूर ठेवणारी द्रव्ये असतात ती गाभ्यात. त्यामुळे अशा झाडाचे लाकूड खांबांऐवजी दारे-खिडक्यांना, तेही पांढरा भाग काढून वापरावे.

सरकारी बांधकामांत लाकडाचा वापर टाळावा, असा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा १९९३ पासूनचा निर्बंध होता. तो २०२० मध्ये उठवण्यात आला, हेही आपल्या मोहिमेतल्या चर्चेसाठी नोंदवतो.

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. लाकूड तडकणार नाही का? आणि आगीचे काय? (रेल्वेतून निवृत्त झालेले वाचक, भुसावळ)

उत्तर : लाकूड उष्णतेने नव्हे, कोरडेपणाने आकसते. हवेतली आर्द्रता २० टक्के असते तेव्हा लाकडात साडेचार टक्क्यांच्या आसपास ओल उरते, आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ती सोळा टक्क्यांजवळ पोहोचते. आपल्याकडे मे आणि ऑगस्टमध्ये जवळपास इतकाच फरक पडतो, म्हणून मेमध्ये घट्ट बसवलेले दार श्रावणात अडकते. लांबीच्या दिशेने लाकूड नगण्य हलते, रुंदीच्या दिशेने पुष्कळ. त्यामुळे रुंद फळ्या कडेला खिळवून न टाकता खाचेत मोकळ्या बसवाव्यात आणि दाराला फट सोडावी. ओले लाकूड मात्र कधीच वापरू नये.

आगीबाबत लोकांच्या मनात जी भीती आहे ती बारीक लाकडाबाबत खरी आहे. जाड तुळई जळताना तिच्यावर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या लाकडाचे रक्षण करतो. अर्ध्या तासात साधारण १५ ते २० मिलिमीटर लाकूड जळते. उघड्या पोलादाची ताकद मात्र ५५० अंशांच्या सुमारास निम्मी झालेली असते. म्हणून अभियंते हिशेबाच्या मापावर जळण्यासाठी जास्तीची जाडी देतात. जुन्या घरातली लाकडी पट्टीवरून गेलेली वायरिंग मात्र आजच काढून टाकावी. आगीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

प्रश्न : पाड्यावर मुलांसाठी वाचनालयाची खोली बांबूची बांधायची आहे. कुडाच्या भिंती आम्हाला बांधता येतात, पण बांबू दोन-तीन वर्षांत किडतो आणि बुडाशी उधई लागते. उपाय सांगावा. (एक शिक्षक, धडगाव)

उत्तर : आपला उपक्रम फार मोलाचा आहे आणि त्यासाठी लागणारा बांबू आपल्या अंगणातच आहे. सातपुड्यातला मानवेल जातीचा बांबू जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव असतो आणि बांधकामाला उत्तम ठरतो. खासगी जमिनीतला बांबू २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला आहे, त्यामुळे शेतातला बांबू वापरणे सोपे झाले आहे.

किडा येतो तो बांबूतल्या पिष्टासाठी. म्हणून तीन-चार वर्षांचा पक्व बांबू निवडावा आणि तो पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडावा. कोवळा किंवा पावसाळ्यात तोडलेला बांबू किड्यांना आमंत्रण देतो. ओला असतानाच लांब सळईने आतल्या गाठी फोडून तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांच्या पाच-सहा टक्के द्रावणात आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवावा. शेतात खड्डा खणून त्यात जाड प्लास्टिक अंथरले की टाकी तयार होते. हे द्रव्य पावसात धुऊन जाते, म्हणून असा बांबू नेहमी छपराखालीच असावा आणि छपराची पागोळी भिंतीपासून तीन फूट बाहेर पडावी. जळके ऑइल चोपडण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु ते वरवर राहते आणि आतला किडा तसाच जगतो.

उधईसाठी खांब जमिनीत पुरू नयेत, हा मुख्य उपाय आहे. दीड फूट उंचीचे दगडी किंवा काँक्रीटचे ठोकळे करून त्यांतून वर काढलेल्या सळईवर बांबू बसवावा आणि शेवटच्या पेरात सिमेंटचा मसाला भरावा, म्हणजे बोल्ट आवळताना बांबू चिरत नाही. खिळे मारूच नयेत. कुडाची भिंतही ठोकळ्यांच्या उंचीपासूनच सुरू करावी, खाली दगडी जोते असावे. उधई उजेडात चालत नाही, ती मातीची नळी बांधत वर चढते. जोत्याची दगडी बाजू उघडी असेल तर ती नळी कोणालाही दिसते. आठवड्यातून एकदा मुलांनी जोत्याभोवती फेरी मारून दिसेल ती नळी खराट्याने मोडावी, आणि एकाच जागी ती पुन्हा पुन्हा उभी राहू लागली तर तिथली जमीन उकरून वारूळ शोधावे.