लष्कराचं उरलेलं सामान पोलिसांच्या दारात

लष्कराचं जादा सामान पोलिसांना देणाऱ्या अमेरिकेतल्या '१०३३' योजनेबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांतले काही निवडून इथे उत्तरं देत आहे.

गावातल्या पोलिसांकडे युद्धातल्या गाड्या येतात कुठून? करदात्यांच्या पैशांतून विकत घेतात का? (एक वाचक, नाशिक)

बहुतेकदा फुकट मिळतात. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेसाठी लष्कराचं जादा सामान पोलिसांना द्यायला १९९० च्या सुमारास सुरुवात झाली. १९९६ मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण कायद्याच्या कलम १०३३ ने ही सोय कायमची केली, तेच नाव योजनेला चिकटलं. आजवर ७ अब्ज डॉलरहून अधिक मूळ किमतीचं सामान या वाटेने गेलं आहे. त्यात ब्लँकेटं, टेबलखुर्च्या आणि प्रथमोपचाराच्या पेट्याही आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. वाद आहे तो रायफली, चिलखती गाड्या, रात्री दिसण्याच्या दुर्बिणी अशा नियंत्रित वस्तूंचा. त्यांची मालकी लष्कराकडेच राहते. वाहतूक आणि देखभालीचा खर्च मात्र स्थानिक पोलिसांवर, म्हणजे शेवटी गावावरच पडतो.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. पोलिसालाही जीव असतो. चिलखती गाडी मिळाली तर बिघडलं कुठे? (एक वाचक, पुणे)

तुमचा मुद्दा रास्त आहे. बंदूकधारी माणूस घरात दबा धरून बसला असेल, तर जखमींना बाहेर काढायला अशी गाडी लागते. पुरात अडकलेल्यांना काढायलाही लष्कराच्या उंच ट्रकांचा उपयोग होतो. पण एमआरॅप ही चिलखती गाडी इराकमध्ये रस्त्यात पेरलेल्या सुरुंगांपासून सैनिक वाचावेत म्हणून बनवली गेली. कॅलिफोर्नियातलं डेव्हिस हे विद्यापीठाचं शांत गाव. तिथल्या पोलिसांनी २०१४ मध्ये अशी सुमारे ७ लाख डॉलरची गाडी आणली. नागरिकांनी सिटी कौन्सिलच्या बैठकीत कडाडून विरोध केला आणि कौन्सिलने ती परत करायला सांगितली. लॉस एंजेलिसच्या शाळांसाठी असलेल्या पोलीस दलाकडे तर ६१ एम-१६ रायफली, एक एमआरॅप आणि ३ ग्रेनेड लाँचर होते. शाळेच्या आवारात ग्रेनेड लाँचर! टीका झाल्यावर ते सगळं टप्प्याटप्प्याने परत गेलं.

मला सर्वांत जास्त खटकतो तो वर्षाच्या आत सामान वापरात आणण्याचा नियम. एरवी कोपऱ्यात पडून राहिलं असतं, ते सामान या नियमामुळे बाहेर काढायला निमित्त मिळतं. आणि त्याने पोलीस सुरक्षित होतात का? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लष्करी धाटणीच्या पथकांमुळे गुन्हे घटल्याचा किंवा पोलिसांची सुरक्षितता वाढल्याचा पुरावा सापडला नाही. मेरीलँडच्या आकडेवारीत अशी पथकं कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत अधिक पाठवली जात असल्याचं मात्र दिसलं. योजनेमुळे गुन्हे कमी होतात असं सांगणारे आधीचे अभ्यास सदोष आकड्यांवर उभे होते, हे २०२० मध्ये दाखवून दिलं गेलं.

ओबामांनी बंदी घातली होती ना? मग ती गेली कुठे? (एक वाचक, ठाणे)

ऑगस्ट २०१४ मध्ये मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राऊन हा १८ वर्षांचा निःशस्त्र तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. त्यानंतरच्या निदर्शनांत चिलखती गाडीवर बसून गर्दीवर बंदूक रोखलेला पोलीस साऱ्या जगाने पाहिला. जानेवारी २०१५ मध्ये ओबामांनी आदेश काढला आणि त्यानंतर ग्रेनेड लाँचर, संगिनी, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या देणं थांबलं. ऑगस्ट २०१७ मध्ये ट्रम्प यांनी तो आदेश रद्द केला. २०२२ मध्ये बायडेन यांनी पुन्हा निर्बंध आणले, तेही ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये पदावर येताच काढून टाकले. वर एप्रिलमध्ये असं सामान स्थानिक पोलिसांना अधिक मिळावं असा आदेश दिला.

अध्यक्षाच्या सहीने आलेलं अध्यक्षाच्या सहीनेच जातं. टिकलं ते काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यात लिहिलेलं. २०२१ च्या संरक्षण कायद्यात संगिनी, ग्रेनेड आणि शस्त्रसज्ज ड्रोन देण्यावर बंदी आहे. एमआरॅप मात्र त्यात नाही, हे त्या कायद्याचं मोठं अपुरेपण.

या सामानाचा हिशेब कोण ठेवतं? (एक वाचक, कोल्हापूर)

२०१७ मध्ये काँग्रेसच्या लेखातपासणी कार्यालयाने याचीच परीक्षा घेतली. कागदावर एक खोटी पोलीस यंत्रणा उभी केली, तिची वेबसाइट बनवली, खोटा पत्ता दिला आणि अर्ज केला. अर्ज मंजूर झाला. मागणी नोंदवल्यावर आठवड्याच्या आत रात्रीच्या दुर्बिणी, सरावाच्या रायफली, सरावाचे पाइप बॉम्ब असं सुमारे १२ लाख डॉलरचं सामान हाती आलं. तीनपैकी दोन ठिकाणी सामान ताब्यात देताना ओळखपत्रही कुणी मागितलं नाही. यानंतर तपासणी कडक झाली, पण दोन दशकं ही योजना कशी चालली असेल याची कल्पना यावरून येते.

महाराष्ट्रातही असंच आहे का? (एक वाचक, चंद्रपूर)

नाही. आपल्याकडे पोलिसांची शस्त्रं आणि वाहनं राज्य सरकारच्या खरेदीतून आणि केंद्राच्या आधुनिकीकरण योजनेतून येतात. गडचिरोलीत रस्त्याखाली खरेच सुरुंग पेरले जात होते, त्यामुळे तिथल्या सुरुंगरोधक गाडीची डेव्हिसच्या गाडीशी तुलना करणं बरोबर नाही.

मी सॅन होजेजवळ राहते. सामान्य रहिवाशाने काय करायचं? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

तुमच्या हाती बरंच आहे. तुमच्या राज्यात २०२२ पासून 'एबी ४८१' कायदा लागू आहे. लष्करी सामान घेण्याआधी पोलिसांना वापराचं धोरण जाहीर सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी वेबसाइटवर टाकावं लागतं आणि लोकनियुक्त मंडळाची मंजुरी घ्यावी लागते. दरवर्षी अहवालही द्यावा लागतो. न्यू जर्सीतही २०१५ पासून स्थानिक मंडळाच्या मंजुरीची अट आहे. तुमच्या शहराचा अहवाल उघडून कोणती वस्तू किती वेळा आणि कशासाठी वापरली ते पाहा, आणि बैठकीत त्याबद्दल विचारा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. गृहसुरक्षा खात्याच्या अनुदानातूनही चिलखती गाड्या विकत घेतल्या जातात, आणि फर्ग्युसनच्या रस्त्यावर दिसलेलं सगळं सामान काही १०३३ मधून आलं नव्हतं. कॅलिफोर्नियाचा कायदा सामान कुठूनही आलं तरी लागू होतो. म्हणून बैठकीत नुसतं १०३३ बद्दल विचारून थांबू नका, अनुदानातून काय घेतलं तेही विचारा.